घरी बांधलेलं जुनं बायप्लेन विकत घेताय? या चुका टाळा

गेल्या चतुर्थीनंतर डिचोलीच्या मित्राचा फोन आला, भाऊ, दोन सीटचं बायप्लेन, म्हणजे एकावर एक पंख असलेलं विमान मिळतंय, भाव पण बरा आहे, तू नेव्हीत विमानांचं काम केलंयस तर जरा बघायला चल. विमान अमेरिकेत कुणीतरी प्लॅन आणून गॅरेजमध्ये बांधलेलं, मग कंटेनरमधून इकडे गोव्यात आलं आणि त्यानंतर सात पावसाळे पेडण्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं. लाल-पांढरा रंग, एकदम चकाचक. मित्र तर दारातूनच खुश. म्हणून हे लिहितोय, कारण असं विमान बघायला जाणारा प्रत्येक जण साधारण त्याच त्याच चुका करतो आणि या चुकीत माणूस जातो, नुसते पैसे नाही.

पहिली चूक म्हणजे रंग बघून भुलणं. बायप्लेनचं अंग कापडाचं असतं आणि नवा रंग जुन्या कापडावर पण छान बसतो. हल्लीचं पॉलिस्टर कापड टिकाऊ, पण त्यावर चंदेरी थर नीट दिला नसेल तर ऊन त्याला खातं. कॉटनचं असेल तर अजून लक्ष द्या, ग्रेड ए कॉटन नवीन असताना इंचाला ८० पौंड ताण घेतं आणि ५६ च्या खाली गेलं की ते कापड बदलायचं. टेस्ट कुठे करायची तर वरच्या पंखाच्या वरच्या बाजूला, आणि तिथेही सगळ्यात गडद रंगावर, कारण सगळ्यात जास्त ऊन तिथे लागलेलं असतं. विकणारा बाजूचं कापड बोटाने वाजवून दाखवतो, ढोलासारखं वाजतं बघा म्हणतो, त्याने काही कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, गंज. अशा विमानांचा सांगाडा बहुतेक ४१३० क्रोमोली स्टीलच्या पातळ नळ्या वेल्ड करून केलेला असतो. टेलव्हील, म्हणजे शेपटाखाली छोटं चाक असल्यामुळे विमान उभं असताना शेपूट खाली, म्हणजे नळीत कुठूनही शिरलेलं पाणी घरंगळत शेपटाकडच्या खालच्या नळ्यांत जाऊन बसतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग तसाच. आपल्याकडे खारी हवा, जून ते सप्टेंबर भिंतीला पण घाम येतो, मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरचं लोखंड बघा म्हणजे समजेल मी काय म्हणतोय ते. मी शेपटाखालचं झाकण काढून टॉर्च घेऊन आडवा झालो, नळ्यांवरून बोट फिरवत गेलो तर टेलव्हीलच्या अलीकडच्या जोडाजवळ चिंचोक्याएवढा फुगा हाताला लागला. मालकाला विचारूनच स्प्रिंगवाला सेंटर पंच लावला. चांगल्या नळीवर तो टक्कन वाजतो आणि जेमतेम खूण पडते. इथे आवाजच आला नाही, पंच सरळ आत गेला आणि भोकातून तपकिरी पावडर माझ्या मनगटावर पडली. मालक म्हणाला तेवढा तुकडा कापून वेल्ड करून मिळेल. मिळेल, त्यात खोटं नाही, पण एक नळी अशी असेल तर बाकीच्या किती असतील हे कापड काढल्याशिवाय कोण सांगणार?

पंखाच्या आत बहुतेक लाकूड असतं, मुख्य दांडा म्हणजे स्पार स्प्रूसचा. इथली चूक अशी की लोक फक्त कुजलंय का ते बघतात. त्याहून वाईट म्हणजे दाबाने पडलेली चीर, लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी बारीक. विमान कधी जमिनीवर गर्रकन फिरलं असेल, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात, किंवा पंखाचं टोक आपटलं असेल तर अशी चीर पडते आणि वर्षांनुवर्षं कुणाला दिसत नाही. टॉर्च समोरून मारू नका, स्पारला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, मग सावलीने ती रेघ उठते. आणि सरस कुठला वापरला ते विचाराच. जुना केसिन सरस, जो दुधापासून होतो, तो ओलीत राहिला की बुरशी लागून सुटतो, म्हणजे आपल्या हवेत तर विषयच संपला. चांगला बांधणारा माणूस सरस, लाकूड, तारीख सगळं वहीत लिहून ठेवतो, फोटो काढतो. वहीच नाही म्हणाला तर मी स्वतः तिथूनच परत फिरेन, कारण बंद पंखात काय आहे याचा दुसरा पुरावाच नसतो.

बोल्ट बघा. विमानाच्या एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते, ८.८ असा आकडा दिसला तर तो हार्डवेअरच्या दुकानातला. त्या विमानात स्ट्रटला, म्हणजे दोन पंखांमधल्या खांबाला, असे दोन सापडले. दोन पंखांमधल्या तारांच्या टोकाला जो काटा असतो त्याला एक बारीक भोक असतं, त्यात पिन घालून बघा, पिन आरपार गेली तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत आणि हवेत अख्ख्या पंखाचा भार त्याच आट्यांवर येणार आहे.

मग इंजिन. सुरू झालं, धूर नाही, आवाज गोड, आणि मीटरवर फक्त १९० तास, मित्र म्हणाला नवीनच आहे की. हे उलटं आहे. हे इंजिन लायकमिंग कंपनीचं, त्यात व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट हा पिस्टन फिरवतात त्या क्रँकच्या वर असतो, इंजिन बंद राहिलं की तेल खाली उतरतं आणि कॅम उघडा पडून गंजतो, म्हणूनच कंपनी तासांबरोबर १२ वर्षांची पण मर्यादा देते. कधीमधी हाताने पंखा फिरवून ठेवतो असं मालक सांगत होता, त्याने उरलंसुरलं तेल पण पुसलं जातं, शिवाय ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू राहिला असेल तर इंजिन सुरू होऊन हात जाईल. कॉम्प्रेशन चौरस इंचाला ८० पौंडांचा दाब देऊन तपासतात, ६० च्या खाली आलं तर सिलिंडरचं काम निघालं समजा. पण कॅम खात्रीने बघायचा तर एक सिलिंडर काढावा लागतो. पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल घातलं असेल तर रबरी पाइप आणि फायबरची टाकी पण बघा, जुनं रेझिन त्यात मऊ पडतं.

वजनाचा कागद जुना असेल तर तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून नव्याने वजन करा. शेपूट जड निघालं तर स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, विमान बाहेर काढणं अशक्य होऊ शकतं.

कागदपत्रांत लोक फार फसतात. अमेरिकेतला नंबर असला म्हणून इथे उडवता येत नाही, डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची नोंदणी आणि परवानगी लागते. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, त्यांना परमिट टू फ्लाय, म्हणजे उडवायची परवानगी मिळायला २०१९ साल उजाडलं, ते पण किती वर्षं खेटे घालून. मोपाचा विमानतळ शेजारी आहे म्हणून काही होत नाही, आणि दाबोळीला तर नेव्हीचा तळ आहे.

आणि सगळ्यात शेवटी जे ऐकून माझ्या पोटात गोळा आला ते, मालक म्हणाला एखाद्या मोकळ्या सड्यावर नेऊन एक राउंड मारून बघा, लगेच कळेल. नाही कळणार. वर लिहिलेल्यातली बहुतेक दुखणी पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत, स्पार मोडतो तेव्हा मोडतो. तपासणी जमिनीवरच करायची.

मित्राने मालकाला सांगितलंय, खालच्या दोन्ही पंखांचं कापड मुळाशी कापून बघू दे, परत लावायचा खर्च माझा. दोन महिने झाले, मालक अजून हो म्हणालेला नाही. मित्राने आता नुसत्या इंजिनाचा भाव विचारलाय, एक सिलिंडर काढून दाखवायच्या अटीवर.