रिंगच्या आत निकेल चढतच नव्हतं, शेवटी असं जमलं

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्लेटिंग युनिट आहे, म्हणजे विजेने धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवायचं काम, पितळी रिंगांचं काम आलं, बाहेरून आरशासारखी चमक पण आत टॉर्च मारला की पितळ तसंच पिवळं. करंट वाढवला तर कडा जळून काळ्या, कारण करंट कडांवरच जास्त जातो, आत पोचतच नाही. मग रिंगा एकावर एक रचून नळी केली, बाहेरून टेप गुंडाळली आणि मधोमध निकेलचा बारीक रॉड ॲनोड (विजेचं धन टोक) म्हणून सोडला, दोन्ही टोकांना प्लास्टिकची चकती, कारण रॉड टेकला की शॉर्ट. तरी बारीक खड्डे पडलेच, हायड्रोजनचे बुडबुडे आत अडकत होते, म्हणून नळी उभी ठेवून छोट्या पंपाने खालून निकेलचं सोल्युशन ढकललं, बाथ (टाकीतलं तेच सोल्युशन) ५५ डिग्रीला. काल एक रिंग कापून बघितली, आत एकसारखा थर, इतकं बरं वाटलं!