घटाबरोबर टोमॅटोचं बी टाका

घटस्थापनेला आपण घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो. त्याच दिवशी एका तगारीत टोमॅटोचं बीही टाकून द्या. तिथून लक्ष्मीपूजन महिनाभरावर येतं आणि रोप लावणीला यायला २५ ते ३० दिवसच लागतात. दिवाळीत लावलेल्या रोपाचा पहिला तोडा संक्रांतीच्या आसपास हाती येतो. फळधारणेला रात्रीचं तापमान १५ ते २० अंश लागतं, ते आपल्याकडे या दिवसांत फुकट मिळतं. उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात, पावसाळ्यात करपा पिच्छा सोडत नाही. हौशी माणसाने त्या दोन हंगामांच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बी कोणतं? राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण घरी चांगले; त्यांचं बी पुढच्या वर्षीसाठी राखता येतं. रोगाचा त्रास नेहमीचा असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्या. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींपुढे तो टिकतो. बाजारातला टोमॅटो पिळून त्याचं बी लावलं तर ते उगवतं, पण तो बहुधा संकरित असतो आणि फळ तसंच येईल याचा भरवसा नाही.

तगारीला खाली भोकं हवीतच. माती आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका, पाणी झारीने द्या. माती सतत चिंब ठेवली की रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात.

लावणीच्या जागेला सहा तास ऊन लागतं. आधी तिथे वांगी, मिरची किंवा बटाटा असेल तर दुसरी जागा शोधा, कारण ही सगळी एकाच कुळातली आणि त्यांचे रोगही सामाईक. कुंडी असेल तर १५ इंचाची आणि एका कुंडीत एकच रोप. जमिनीत दोन रोपांत दीड-दोन फूट ठेवा. लावणी संध्याकाळी करा आणि खालची पानं खुडून रोप जरा खोल लावा. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. काठी त्याच वेळी रोवून ठेवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात.

आता पाण्याचं. निम्मी टोमॅटो लागवड पाण्याच्या कमतरतेने नाही, लाडाने बिघडते. एका दिवाळीत मी स्वतः हे भोगलंय. आधीच्या हंगामाची, फळांवर आलेली झाडं चार दिवस कोरडी ठेवून गावी गेलो आणि परतल्यावर अपराधी वाटून बादलीभर पाणी ओतलं. दोन दिवसांत मोठी फळं देठाजवळ तडकली. लहान फळांच्या बुडाशी आठवड्याभरात रुपयाएवढा काळा, चामड्यासारखा, आत दबलेला डाग आला. याला रोग समजून लोक फवारण्या करतात. खरं तर ओल कमी-जास्त झाली की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं घालण्याचा उपाय सगळे सांगतात, पण ती कुजायला महिनोन्‌महिने जातात. या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर सकाळी बुडाशी भरपूर द्या. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी, राहिली पाहिजे. वर वाळलेल्या पाल्याचं बोटभर जाड आच्छादन घातलं की अर्धं काम होतं. पानांवर पाणी नको.

खतातही हात आखडता ठेवा. शेणखत लावणीला ओंजळभर आणि फुलं दिसू लागली की पुन्हा मूठभर. युरिया टाकलात तर झाड माजतं, हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही. उंच वाढणाऱ्या वाणांची पान आणि खोडाच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, झुडपी वाणांची नाही. बंद बाल्कनीत भुंगे येत नाहीत, तिथे सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारा, पराग झडून काम होतं. तंबाखू मळलेल्या हाताने मात्र झाडाला शिवू नका. तंबाखूतून विषाणू येऊ शकतो. साबणाने हात धुऊन मगच बागेत जा.

शेंड्याची पानं वाटीसारखी वळून बारीक, पिवळट झाली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ. त्यावर औषध नाही. जीव तुटला तरी झाड उपटून लांब टाका, नाहीतर शेजारची झाडं जातील. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क दर दहा दिवसांनी फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवून फडक्याने गाळायची, एक लिटर करायचं, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. फवारणी संध्याकाळीच. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेला झेंडू लावा, तिचा पतंग अंडी घालायला तिकडे वळतो. फळात भोक दिसलं की फळ अळीसकट नष्ट करा.

फळाला गुलाबी छटा आली की तोडा, म्हणजे बुलबुलांच्या आधी तुम्हाला मिळेल. घरात टोपलीत ठेवलं की तीन-चार दिवसांत लाल होतं. मार्चच्या उन्हात फुलं गळू लागली की उरलेले हिरवे टोमॅटो उतरवून दाण्याचं कूट घालून चटणी करा, झाडं उपटा आणि ती जागा गवारीला द्या.