बोलता न येणाऱ्या मुलाशी चित्रांच्या बोर्डवरून घरी कसं बोलावं

थेरपिस्टने सांगितलं म्हणून चित्रांचा बोर्ड तयार झाला, लॅमिनेट झाला, हॉलच्या भिंतीवर लागलाही. पण मूल त्याकडे ढुंकून बघत नाही. अशा घरांत एक गोष्ट हमखास दिसते. बोर्डवर बोट ठेवायचं काम एकट्या मुलाचं असतं. आई, बाबा, आजी तोंडाने बोलतात आणि त्याला मात्र "दाखव बरं, काय पाहिजे?" म्हणतात. जी भाषा घरात कुणीच वापरत नाही, ती त्याने शिकायची कुणाकडून? म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: बोर्डवर आधी आपण बोलायचं.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, अप्राक्सिया (बोलण्यासाठी लागणाऱ्या हालचाली जुळवणं मेंदूला न जमणं) अशा वेगवेगळ्या कारणांनी मुलांचं बोलणं अडतं किंवा पुरेसं होत नाही. अशा वेळी खुणा, चित्रं, वही, बोलणारं अॅप यांचा आधार घेणं म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. थेरपिस्ट त्यालाच 'एएसी' म्हणतात.

"बोर्डची सवय लागली तर बोलायचा प्रयत्नच सोडेल" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी एएसीवरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांच्याबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम होता अशा २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेकांत माफक होती हेही खरं, पण वाट बघत बसण्याचं कारण मात्र उरत नाही. मूल 'तयार' व्हायची, चित्रं ओळखायला शिकायची वाट बघू नका. ओळख वापरातूनच होते.

१. शब्द निवडा

पहिला बोर्ड बहुतेक वेळा असा बनतो: पाणी, जेवण, शू, शी, झोप, टीव्ही. या बोर्डवर मूल फक्त मागू शकतं. त्याला चिडता येत नाही, चौकशी करता येत नाही, "हे बघ ना!" म्हणता येत नाही. म्हणून दिवसभर कुठेही चालतील असे शब्द आधी घ्या: पाहिजे, नको, अजून, झालं, थांब, चल, दे, बघ, कर, मदत, मी, तू, माझं, कुठे, काय, आवडलं, वेगळं, दुखतंय. नावं त्यानंतर, आणि तीही तुमच्या घरातली. तुमच्याकडे 'पप्पा' म्हणत असतील तर बोर्डवर 'बाबा' नको. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी जे बोलत असाल त्यातले शब्द घाला.

शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, गुप्तांगांचीसुद्धा, आणि "हात लावू नको" हे वाक्य एका पानावर असायलाच हवं. ज्या मुलाकडे हे शब्द नाहीत, ते आपल्याशी कुणी वाईट वागलं तर सांगू शकत नाही. पालक संकोचाने हे पान टाळतात. कृपा करून टाळू नका.

२. बोर्ड बनवा

स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने तयार करून घेतलेली 'अरासाक' चित्रं घरगुती वापरासाठी इंटरनेटवर मोफत मिळतात. माणसांसाठी मात्र खरे फोटो लावा. शब्द चित्राच्या वर छापा, म्हणजे बोट ठेवल्यावर तो झाकला जात नाही. ए-फोर कागदावर प्रिंट काढून झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घ्या आणि एक प्रत स्वयंपाकघरात, एक बाथरूममध्ये, एक पिशवीत ठेवा.

एकदा ठरलेली जागा बदलू नका. 'अजून' वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर प्रत्येक प्रतीत तिथेच. काही दिवसांनी हात न शोधता तिथे जाऊ लागतो, आणि चौकटी हलवल्या की ती सगळी मेहनत वाया जाते.

अॅप हवं असेल तर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने बनवलेलं 'जेलो' मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्यात आवडतं, हो, अजून आणि त्यांच्या उलट नावडतं, नाही, कमी अशी सहा बटणं कायम दिसतात. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' विकत घ्यावं लागतं, पण त्यात शब्द पुष्कळ आहेत. टॅब ज्या मुलाच्या हाती बोलण्यासाठी दिला, त्यावर कार्टून लावू नका.

३. हात चालत नसेल तर

बोट ठेवता येत नाही म्हणून बोर्ड नाही, असं होऊ देऊ नका. आधी बसणं बघा. पाय अधांतरी लोंबत असतील आणि मान सावरण्यातच सगळी ताकद जात असेल, तर बोलायला काही उरत नाही. पावलांखाली पाट द्या, पाठीला आधार द्या.

मग नजर वापरा. दोन चित्रं लांब-लांब धरा आणि मूल कुठे जास्त वेळ बघतं ते पाहा. किंवा तुम्ही वाचा आणि त्याला निवडू द्या: "खायचंय? खेळायचंय? काही दुखतंय? की यातलं काहीच नाही?" प्रत्येक पर्यायानंतर क्षणभर थांबा. हात उचलणं, डोळे मिटणं, हुंकार, जी खूण त्याला सहज जमते तीच त्याची 'हो'. ही खूण घरात सगळ्यांना माहीत हवी. पर्याय दर वेळी त्याच क्रमाने वाचा. "यातलं काहीच नाही" शेवटी असलंच पाहिजे, नाहीतर मूल तुमच्या अंदाजांत अडकून पडतं.

४. आधी आपण बोला

संध्याकाळची वेळ आहे, आई पोहे करतेय आणि साडेचार वर्षांची मुलगी ओट्याजवळ खुर्चीत बसली आहे. बोर्ड दोघींच्या मध्ये. आई म्हणते, "बघ, कांदा!" आणि बोट 'बघ'वर. मोहरी तडतडते. "थांब हं, गरम आहे," बोट 'थांब'वर. शेंगदाणे टाकताना "अजून घालू?", बोट 'अजून'वर. पोहे वाफेला लावून "झालं!", बोट 'झालं'वर. मुलीला एकही प्रश्न परीक्षेसारखा विचारला नाही, तिचा हात धरून चित्रावर आपटला नाही. तिने बोर्डकडे बघितलंच पाहिजे असंही नाही.

पूर्ण वाक्य तोंडाने बोला, त्यातला एखादाच शब्द बोर्डवर दाखवा. सगळे शब्द दाखवत बसलात तर दमाल आणि सोडून द्याल. सुरुवातीला दिवसातली एकच वेळ धरा: जेवण, आंघोळ किंवा झोपताना. पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाच्या कानावर लाखो शब्द पडतात, तेव्हा कुठे ते एक बोलतं. बोर्डच्या भाषेलाही तेवढीच मुभा द्या.

५. थांबा

काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड जातं. आपण दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतो, मग स्वतःच उत्तर देतो. मुलाला ऐकायचं, शब्द ठरवायचा, हात हलवायचा, एवढं सगळं करायला वेळ लागतो. मोबाइल खाली ठेवून त्याच्याकडे बघत थांबा.

६. त्याने दाखवलं की वाक्य पूर्ण करा

मुलाने 'चल' आणि 'आजी' दाखवलं, तर "आजीकडे जायचंय तुला?" असं म्हणा. बोर्डवर प्रत्यय नसतात, क्रियापदाची रूपं नसतात. ती तुमच्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडतात. चुकून हात लागला असं वाटलं तरी अर्थ आहे असंच धरून उत्तर द्या. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर रागावू नका आणि टॅब काढून घेऊ नका. शिक्षा म्हणून बोर्ड उचलून ठेवणं म्हणजे मुलाच्या तोंडावर हात ठेवणं आहे.

७. 'नको'ला किंमत द्या

भेंडीची भाजी 'नको' म्हटली की घास मागे घ्या, निदान सुरुवातीला तरी. औषधासारखी गोष्ट टळणारी नसेल, तर "नको म्हणालास, कळलं मला. कडू आहे. पण घ्यावं लागेल" असं बोला. म्हटलेलं पोचलं, एवढं तरी त्याला कळतं.

८. घर आणि शाळा

आजी-आजोबांना लेख वाचून दाखवू नका, त्यांना एकच शब्द द्या. आजोबांनी फिरायला जाताना फक्त 'चल' आणि परतताना 'झालं' दाखवायचं. भावंडं हे सगळ्यांत लवकर उचलतात. बोर्डची एक प्रत शाळेतल्या बाईंकडे द्या. कुणी "इथे हे चालणार नाही" म्हटलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. मुलांच्या रोजच्या संवादासाठी पूरक आणि पर्यायी पद्धतींना चालना देणं त्यात सरकारचं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचं काम म्हणून लिहिलं आहे. मार्गदर्शन हवं असेल तर बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईकरांना जवळची आहे.

टॅब आला तरी कागदाचा बोर्ड टाकू नका. लाइट जाते, चार्जिंग संपतं, पावसात आणि आंघोळीच्या वेळी टॅब बाहेर काढता येत नाही. शब्द वाढले की बोर्डला दुसरं पान जोडा, पण पहिल्या पानावरचे शब्द होते तिथेच राहू द्या.