साठीनंतर मसल वाढवायचाय? आधी वजन उचला, पावडरचं नंतर बघू

वय झालं की मसल बनत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. 1990 साली अमेरिकेत नव्वदीतल्या अशक्त लोकांकडून 8 आठवडे पायांचं वेट ट्रेनिंग करून घेतलं होतं, त्यात त्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली आणि मांडीचा मसलही भरला. मग साठीतल्या माणसाला काय अडचण आहे?

चालणं चांगलंच, सोडू नका, पण नुसत्या चालण्याने मसल वाढत नाही. आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अख्ख्या शरीराचा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, मग तीच डंबेल धरून, भिंतीला पुशअप, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून जमिनीवरून वजन उचलणं) हलक्या वजनाने. प्रत्येकाचे 2-3 सेट, एका सेटमध्ये सलग 8 ते 12 रेप्स (म्हणजे तितक्या वेळा), आणि सेट संपताना वाटलं पाहिजे की अजून फारतर दोनच झाले असते. आरामात 20 होतायत तर वजन कमी पडतंय, वाढवा! फक्त हळूहळू, कारण मसल लवकर तयार होतो पण सांधे न् टेंडन (मसल हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात आणि दुखापत तिथेच होते. वजन उचलताना श्वास रोखू नका, बीपी एकदम चढतं, जोर लावताना श्वास सोडायचा. हार्टचा त्रास असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता खाणं. इथेच बरेच जण मागे पडतात. वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनला मसल कमी प्रतिसाद देतो, म्हणून तरुणांपेक्षा जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ते 1.2 ग्रॅम, व्यायाम करत असाल तर थोडं अजून. 70 किलोच्या माणसाला 85-90 ग्रॅम धरा. आणि हे सगळं रात्रीच्या जेवणात कोंबून उपयोग नाही, तिन्ही जेवणांत 25-30 ग्रॅम तरी गेलं पाहिजे, सकाळी चहा-बिस्किटावर भागवणाऱ्यांनी तर नाश्ताच बदलावा. अंडी, मासे, दूध, दही, डाळी यातून होत असेल तर उत्तम, भूक कमी असेल किंवा चावायला त्रास होत असेल तर व्हे प्रोटीनचा (दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर) एक स्कूप सोयीचा पडतो. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नका.

सप्लिमेंटमध्ये पैसे घालायचेच तर क्रिएटिन मोनोहायड्रेट (मसलला झटपट ऊर्जा द्यायला मदत करणारी पावडर), साधंच, रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही घ्या, लोडिंगची, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस घेण्याची, गरज नाही. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढेल, ते बहुतेक पाणी असतं. ब्लड टेस्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायला बघतात तो आकडा) थोडं जास्त दिसू शकतं, तेव्हा घाबरू नका पण क्रिएटिन घेतोय हे डॉक्टरांना सांगा, नाहीतर उगाच किडनीची शंका येते. व्हिटॅमिन डी टेस्टमध्ये कमी निघालं तरच घ्या.

बीसीएए (प्रोटीनमधलेच तीन अमिनो अ‍ॅसिड वेगळे काढून विकतात ते) कशाला? पुरेसं प्रोटीन पोटात जात असेल तर त्याने वेगळं काही मिळत नाही. आणि टेस्टोस्टेरॉन बूस्टर म्हणून विकतात त्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका, काहींमध्ये लेबलवर न लिहिलेली औषधं सापडलेली आहेत, त्यात तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर धोका अजूनच वाढतो.