कोल्हापुरात राहून जॅझ आणि सेशन बेसवादक कसे व्हावे

बेस गिटारवर, म्हणजे सेशनमध्ये (मानधन घेऊन इतरांच्या रेकॉर्डिंगला) वाजवून, पोट भरायचे असेल, तर वेगापेक्षा लय आणि सुराची लांबी सांभाळणे अधिक मोलाचे ठरते, आणि त्यासाठी आपल्या गावातील ऑर्केस्ट्रा ही उत्तम तालीम आहे. गायक ‘काळी दोन’ (हार्मोनियमवरील दुसरी काळी पट्टी) म्हणाला की त्याच क्षणी डी शार्प मनात उमटला पाहिजे. चार तारांच्या बेसवरील सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन असतो. त्यामुळे काळी एक किंवा काळी दोनचा त्याहून खालचा षड्ज हवा असेल, तर खाली बी तार असलेला पाच तारांचा बेस लागतो. पहिले वाद्य मात्र चार तारांचेच घ्यावे, कारण नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवण्याची शिस्त त्यावर लवकर अंगवळणी पडते.

जॅझची सुरुवात वॉकिंग बेसने करावी. यात बारच्या, म्हणजे तालाच्या एका छोट्या खंडाच्या, चार मात्रांना साधारणपणे एकेक सूर येतो. डी मायनर सेव्हन या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) डी, एफ, ए, ए फ्लॅट असे चालत गेल्यास चौथ्या मात्रेवरचा सूर अर्ध्या स्वराने खाली ओढला जाऊन पुढच्या बारची पहिली मात्रा जी सेव्हनच्या मूळ सुरावर येते; तेथे जी, बी, डी, डी फ्लॅट वाजवून सीवर उतरावे. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून हा सराव बारा पट्ट्यांत करावा. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीमुळे समेची ओढ या गावच्या कानांना परकी नाही, हे आपले मोठे भांडवल आहे.

जॅझ शिकून सेशनची कामे कशी मिळणार, असे अनेक पालक विचारतात. डेट्रॉइटच्या जॅझ क्लबांत डबल बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन हेच पुढे मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या 1960 च्या दशकातील असंख्य गाण्यांचा पाया ठरले. जॅझने घडवलेला कान त्यांना तेथे उपयोगी पडला.

बेस क्लेफ (खालच्या सुरांची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि कॉर्ड चार्ट (गाण्यातील कॉर्डचा क्रम दाखवणारा कागद) वाचता येणे आवश्यक आहे. पुण्या-मुंबईचे काम घरून करताना डीआय बॉक्समधून (बेस थेट रेकॉर्डिंग यंत्रणेला जोडणाऱ्या पेटीतून) इफेक्टविरहित ट्रॅक 24 बिट वेव्ह फाइलमध्ये, गाण्याच्या अगदी आरंभबिंदूपासून पाठवावा, म्हणजे तो प्रोजेक्टमध्ये जागच्या जागी बसतो. मानधन आणि दुरुस्तीच्या फेऱ्या रेकॉर्डिंगपूर्वीच लेखी ठरवून घ्याव्यात.