पॉइंट टू-टूची माशी आणि माझे पन्नाशीचे डोळे

हाताने बसवून घेतलेली पॉइंट टू-टू सिंगल शॉट रायफल. दस्ता अक्रोडाचा, नळी जड. आणि नेम धरायची साइट? मागे साधी खाच आणि नळीच्या टोकाला माशी. मी सांगलीचा, वय बावन्न. खाच, माशी, टार्गेट, तिन्ही एकदम स्पष्ट दिसायचे दिवस कधीच गेले. खाच तर नुसता धूर.

दुर्बीण लावावी म्हटलं, तर पोरगा म्हणाला, "बाबा, मग मॅच विसरा." खरंच होतं, ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, तेही पीप साइटवरच, म्हणजे खाचेच्या जागी बारीक भोक.

मग पीप घेतली. बारीक भोकातून बघितलं की माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी साफ दिसतात. मागच्या भोकाकडे बघायचंच नाही, डोळा आपोआप मध्य शोधतो.

तरी गोळ्या पसरतच होत्या. चूक पुढच्या रिंगमध्ये निघाली. ही माशीच्या जागी बसते, टार्गेटचा काळा गोल तिच्यात मधोमध धरायचा. हौसेने २.८ मिलिमीटरची घातली होती. काळ्या गोलाभोवती पांढरी कड केसाएवढीच उरायची आणि श्वासागणिक एका बाजूने गायब व्हायची. ती गेली की मी घाईने ट्रिगर दाबायचो! ३.८ घातली, कड रुंद झाली, हात निवांत झाला.

उरला गाल. पीप उंच, त्यामुळे गाल दस्त्यावरून सुटायचा. नमद्याचे दोन थर चिकटवले. दिसायला भिकार आहे, पण मान आखडत नाही.