टिलवरची पोयटा माती ओळखताना या चुका टाळा

“सर, दोन फुटांवर मुरूम लागला.”

हिमाचलच्या अभ्यासदौऱ्यावरून आलेल्या पोरांच्या वह्यांत हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता वही उघडायच्या आधीच लाल पेन हातात घेतो. हिमनदीनं आणून टाकलेल्या ढिगात मुरूम कुठला आला? पण पोरांचाही फार दोष नाही. कोल्हापुरात विहीर खणा, पाया खणा, क्रम ठरलेला: वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. खालचा बेसाल्ट कुजला की त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. खड्ड्यातले दगडही सगळे एकाच जातीचे. एवढ्यावर तयार झालेली नजर घेऊन टिलच्या खड्ड्यात उतरलात तर चूक होणारच.

टिल म्हणजे हिमनदीनं वाटेत खरवडलेला, दळलेला आणि बर्फ वितळल्यावर तसाच टाकलेला माल. पाणी जसं जड-हलकं वेगळं करतं तसं बर्फ करत नाही, त्यामुळे धोंड्यापासून चिकणमातीपर्यंत सगळं एकत्र. त्यावर तयार होणारी माती बऱ्याचदा लोम, म्हणजे पोयटा असते. अमेरिकेच्या इंडियाना राज्याची ‘मियामी’ माती हे पुस्तकातलं ठरलेलं उदाहरण. परीक्षेला तेच येतं आणि परदेशी शिकायला गेलेल्या पोरांना तेच खणावं लागतं. आपल्याकडे बघायचं तर हिमालय गाठावा लागतो. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी हिमनदीच्या खुणा आहेत, पण त्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आणि तिथला टिल कधीच दगड झालाय. तो दाखवून “महाराष्ट्रातली टिलवरची माती” म्हणू नका.

कुटणं

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक ही.

आमच्याकडे कागल भागातला एक पोरगा होता. हुशार, पण कायम घाईत. मनालीच्या वरच्या अंगाला देवदाराच्या जंगलात हिमोढावर त्यानं खड्डा घेतला, थर नीट मोजले, पिशव्यांवर चिठ्ठ्याही लावल्या. इथवर शाबास. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली तसा गडी बिघडला. माती ओव्हनमध्ये कडक वाळवली आणि लोखंडी खलबत्त्यात घातली. आठवड्यानं अहवाल समोर ठेवला: पोत सिल्ट लोम (सिल्ट म्हणजे गाळकण, वाळू आणि चिकणमाती यांच्या मधल्या मापाचे), आणि त्यावर स्वतःचा निष्कर्ष की ही वाऱ्यानं आणलेली धूळ असावी.

मी विचारलं, “दगड कुठायत?”

“चाळणीतनं गेलं की सर सगळं. कुटलं की जातंय.”

त्याच्या मातीत शिस्टचे चपटे, अभ्रकानं चमकणारे तुकडे होते. नखानं पापुद्रा सुटतो असला दगड बत्त्याखाली टिकतोय व्हय? त्याचं पीठ झालं आणि ते पीठ नेमकं गाळकणांच्या मापाचं निघालं. मातीत नसलेला सिल्ट त्यानं खलबत्त्यात तयार केला, वर त्याला वाऱ्याचा इतिहास चिकटवला.

नशीब, अर्धी पिशवी शिल्लक होती. ती सावलीत वाळवली, ढेकळं लाकडी लाटण्यानं फोडली, २ मिलिमीटरच्या चाळणीतून हातानं गाळली. वर राहिलेले खडे धुऊन, वाळवून तोलले तर वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा. खालच्या मातीचा पोत निघाला सँडी लोम, म्हणजे वाळूसर पोयटा. सिल्ट लोम आणि वाऱ्याची धूळ तिथंच संपली.

मग त्यानं दुसरी उडी मारली. “तिसरा हिस्सा म्हणजे ३३ टक्के, ३५ला दोनच कमी, स्केलेटल धरू या का?” धरू नये. स्केलेटल म्हणजे ३५ टक्के किंवा जास्त खडे असलेली माती, आणि वर्गीकरणात खड्यांचं प्रमाण आकारमानानं मोजतात, वजनानं नाही. दगडाची घनता २.६५च्या आसपास, भुसभुशीत मातीची १.३ धरली तर वजनाचे ३३ टक्के आकारमानात जेमतेम २० टक्के भरतात. म्हणजे पोताच्या नावाआधी ‘ग्रॅव्हली’ लागेल, कारण ते विशेषण १५ ते ३५ टक्क्यांना लागतं. पण स्केलेटलपासून माती बरीच लांब आहे.

माझी सवय सांगतो: खलबत्ता कुलपात ठेवतो. ढेकूळ आहे की कुजका दगड अशी शंका आली तर रात्रभर पाण्यात टाकतो. ढेकूळ सकाळपर्यंत विरघळतं, दगड राहतो.

हायड्रोमीटर आणि कोल्हापूरचा मे महिना

प्रबंधांची घाई नेमकी एप्रिल-मेमध्ये, आणि प्रयोगशाळेत पंखा सोडला तर काही नाही. हायड्रोमीटर, म्हणजे मातीच्या गढूळ पाण्यात तरंगवून त्यात किती कण आहेत ते वाचायचं उपकरण, २० अंश सेल्सिअसला धरून बनवलेला असतो. पाणी गरम झालं की पातळ होतं, कण लवकर बसतात आणि वाचन कमी येतं. दुरुस्ती सोपी आहे, २०च्या वर दर अंशाला लिटरमागे ०.३६ ग्रॅम मिळवायचे. पाणी ३० अंशांवर असेल तर ३.६ ग्रॅम झाले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नमुना ५० ग्रॅमचा असतो, म्हणजे फरक ७ टक्क्यांचा.

आता बघा काय होतं. मातीत खरी चिकणमाती २२ टक्के आहे. कॅलगॉनचं (मातीचे कण सुटे करायला पाण्यात घालतात ती पावडर) वजन तुम्ही आठवणीनं वजा केलं, तापमान मात्र विसरलात. उत्तर येतं १५. वर्गीकरणातल्या ‘फाइन-लोमी’ गटाला चिकणमातीची खालची हद्द १८ टक्के, वरची ३५. तुमची माती गुपचूप त्याखालच्या ‘कोर्स-लोमी’ गटात जाऊन बसली. गंमत म्हणजे गाळकणांचा आकडा हलतही नाही, कारण तो दोन वाचनांच्या वजाबाकीतून येतो. चिकणमाती घटते, तेवढीच वाळू वाढते आणि बेरीज बरोबर १००. म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

उपाय: शेजारी एक कोरा सिलिंडर लावा. त्यात माती सोडून बाकी सगळं, तेवढंच पाणी, तेवढंच कॅलगॉन. त्याचं वाचन वजा केलं की तापमान आणि कॅलगॉन दोन्ही एका दमात निघतात. “एक सिलिंडर फुकट अडकतो” ही तक्रार दरवर्षी येते. अडकू दे.

दोन तासांच्या वाचनाबद्दलही माझं मत बरं नाही. पुस्तकात ते आहे, मान्य. पण दोन तासांनी वर तरंगणाऱ्यात बारीक गाळकण अजून असतात आणि चिकणमातीचा आकडा फुगतो. मी सकाळी लावतो आणि संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी वाचतो. आणि कॅलगॉनमध्ये माती आदल्या रात्रीच भिजली पाहिजे. अर्ध्या तासाच्या भिजवणुकीवर मिक्सर फिरवून समाधान मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नमुना परत करतो.

एकीची फूटपट्टी, दुसरीचा त्रिकोण

आपल्या पुस्तकांत आंतरराष्ट्रीय पद्धत शिकवतात: गाळकण ०.००२ ते ०.०२ मिलिमीटर, त्यावर वाळू. अमेरिकन पद्धतीत गाळकण ०.०५पर्यंत जातात. पोरं पिपेट (गढूळ पाण्याचा नमुना ओढायची नळी) पहिल्या पद्धतीनं वापरतात आणि आकडे दुसऱ्या पद्धतीच्या त्रिकोणात, म्हणजे वाळू-गाळकण-चिकणमातीवरून पोताचं नाव देणाऱ्या तक्त्यात टाकतात. मधला ०.०२ ते ०.०५चा माल एकीकडे वाळू ठरतो, दुसरीकडे सिल्ट. मियामीसारख्या मातीत टिलच्या डोक्यावर वाऱ्यानं आणलेल्या धुळीचा थर असतो, ४६ सेंटिमीटरपर्यंत, आणि त्यात हाच माल ठासून भरलेला. तिथं ही चूक लपत नाही. मोबाईलवरचं त्रिकोणाचं ॲप हे विचारत नाही, तुम्ही विचारा.

हातानं पोत बघताना

आपल्या हाताला सवय शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीची. ती ओली करून अंगठ्यानं दाबली की फीत बोटांतून ५ सेंटिमीटरच्या पुढं सहज निघते. त्या हातात लोम दिला की पोरगं म्हणतं “वाळू हाय”. लोमची फीत २.५ सेंटिमीटरच्या आत तुटते, आणि ते बरोबरच आहे. मी प्रयोगशाळेत तपासलेल्या मातींचे डबे ठेवलेत. दौऱ्याला निघायच्या आधी चार दिवस तेच मळायला लावतो. एकानं घराजवळच्या तालमीतली माती मळून सराव केला होता. अरे, तिच्यात तेल, ताक, हळद काय काय असतं! तिचा पोत वस्तादाला विचारा.

चकाकी दिसली की क्ले फिल्म

काळ्या मातीत खोलवर गुळगुळीत, रेघाळलेले पृष्ठभाग दिसतात. ते स्लिकनसाइड, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीचे थर एकमेकांवर घासून झालेले. मियामीच्या बीटी थरात, म्हणजे चिकणमाती साचलेल्या खालच्या थरात, चकाकी असते ती वरून पाण्याबरोबर उतरलेल्या चिकणमातीच्या लेपाची, म्हणजे क्ले फिल्मची. दोन्हींत गल्लत केली की वर्टिसॉल (फुगणारी-आकसणारी माती) आणि अल्फिसॉल (खालच्या थरात चिकणमाती उतरलेली माती) यांची गल्लत होते. दहापट भिंगातून छिद्रांच्या आत बघा. लेप छिद्राच्या आतल्या भिंतीवरही चढतो, घासून आलेली चकाकी तिथं पोचत नाही. आणि त्या थराला आर्जिलिक, म्हणजे चिकणमाती उतरून साचलेला, म्हणायचं तर आकडाही लागतो: वरच्या थरात चिकणमाती १५ ते ४० टक्के असेल तर खालच्या थरात ती किमान १.२ पट हवी.

तो ‘मुरूम’

मियामीत खाली लागतो तो दाट टिल. बर्फाच्या वजनाखाली दाबलेला, मुळं थांबवणारा, पावसाचं पाणी वर अडवून धरणारा. थरांच्या खुणांत त्याला सीडी (दाट मूळ माल) म्हणतात, आर (पक्का खडक) नव्हे. वाळलेला तुकडा पाण्यात टाका, दाट टिल पाण्यात सुटतो. शिवाय त्यातले खडे बघा: ग्रॅनाइट, चुनखडक, शेल, सगळे परगावचे.

उलट बाजूनं, गोल दगड दिसले की “नदीचा गाळ” लिहिणारेही आहेत. प्रयाग चिखलीला पंचगंगेच्या काठाची कापलेली दरड एकदा नीट बघून या. पुरागणिक साचलेले पट्टे दिसतात. टिलमध्ये पट्टे नसतात, दगड वाटेल त्या दिशेला तोंड करून रुतलेले असतात आणि काहींवर ओरखडे असतात.

बारीकसारीक

चुना तपासायचं ॲसिड मातीवर टाका, चुनखडकाच्या खड्यावर नको, खडा फसफसणारच.

रंग ओल्या मातीचा बघा, गॉगल काढून.

गडद दिसली म्हणून मॉलिसॉल (गडद, सुपीक वरच्या थराची माती) लिहू नका. ओल्या मातीची व्हॅल्यू (रंगपट्टीवरचा उजळपणाचा आकडा) ३ किंवा कमी हवी, जाडी आणि बेस सॅच्युरेशनही (कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या घटकांचं प्रमाण) बसलं पाहिजे.

टिल आहे म्हणून अल्फिसॉल असंही नाही. कागलच्या पोराच्या मातीत बीटी थर नव्हताच, ती इन्सेप्टिसॉलमध्ये, म्हणजे थर अजून पुरते न बनलेल्या कोवळ्या मातीत गेली.

शेतकऱ्याच्या माती परीक्षणासाठी घेतात तसला वरच्या वितीचा नमुना घेऊन फॅमिली (फाइन-लोमी, कोर्स-लोमी अशी वर्गीकरणातली पायरी) लिहू नका. आर्जिलिक असेल तर त्याचे वरचे ५० सेंटिमीटर, नसेल तर साधारण २५ ते १०० सेंटिमीटरमधली माती लागते. तेवढं खणायचा कंटाळा असेल तर फॅमिलीची ओळ कोरी सोडा. त्याचे मार्क मी कापत नाही, अंदाजे भरलेल्या ओळीचे कापतो.